कलिंगड, विडी आणि बोटांचे सांधे

भाताची कापणी उरकली की रत्नागिरी जिल्ह्यात नदीकाठच्या मळ्यांत कलिंगडाचे वेल पसरू लागतात, आणि ऊन तापायला लागलं की मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला हिरवे ढीग दिसतात. या कलिंगडाच्या रसात एक साधासा पदार्थ असतो. कोगा आणि ओदाके या दोन जपानी संशोधकांनी तो १९१४ साली कलिंगडातूनच वेगळा काढला. १९३० मध्ये मित्सुनोरी वादा यांनी त्याची नेमकी रचना मांडली आणि कलिंगडाच्या शास्त्रीय नावावरून त्याला सिट्रुलिन म्हणू लागले. पुढची कित्येक वर्षं हे नाव जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकात, शरीर युरिया कसा तयार करतं त्या आकृतीत, निमूटपणे पडून होतं. १९९८ साली ते थेट संधिवाताच्या दवाखान्यात येऊन दाखल झालं.

कलिंगड खाल्ल्याने संधिवात होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर उद्या कुणीतरी हा मजकूर अर्धवट वाचून घराघरांत पाठवील आणि ऐन हंगामात बागायतदाराच्या पोटावर पाय येईल. फळातलं सिट्रुलिन सुटं असतं, ते पचतं आणि विषय संपतो. आपली गोष्ट आहे ती आपल्याच प्रथिनांच्या आत, जागच्या जागी तयार होणाऱ्या सिट्रुलिनची.

ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात आणि आपल्याकडे बहुतेक जण आमवात म्हणतात, तो आजार म्हणजे म्हातारपणी झिजणारा गुडघा नव्हे. चाळिशीतली बाई सकाळी उठते आणि तिची मूठ वळत नाही. नारळ खवायला बसली तर वाटी हातात धरवत नाही. दोन्ही हातांच्या बोटांचे मधले आणि मुळाचे सांधे सुजलेले असतात, दाबले तर दुखतात, आणि ही आखड तासभर तरी सुटत नाही. पुरुषांच्या मानाने बायकांत हा आजार दुपटी-तिपटीने जास्त. महाराष्ट्रात त्याची शिरगणती पहिल्यांदा नीट झाली ती पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ उपक्रमात तिथे घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची विचारपूस केली. हाडं, सांधे, स्नायू यांतलं काहीतरी दुखतं असं सांगणारे शंभरात अठरा निघाले. खरा आमवात होता दोनशे माणसांमागे साधारण एकाला. आकडा लहान वाटतो, पण गावात पाच हजार प्रौढ धरले तर अशी पंचवीस माणसं झाली, आणि प्रत्येकाच्या मागे एक घर.

या आजारात शरीर आपल्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतं. त्यातला एक पूर्वीपासून ठाऊक होता. नॉर्वेच्या एरिक वालर यांना तो १९३०च्या दशकाअखेरीस दिसला, अमेरिकेत हॅरी रोझ यांनी १९४८ मध्ये त्याची पुन्हा नोंद केली, आणि आजही लॅबच्या कागदावर तो ‘आरए फॅक्टर’ म्हणून येतो. पण त्याच्यावर फार भरवसा ठेवता येत नाही. क्षयात तो वाढतो, कुष्ठरोगात वाढतो, काविळीच्या काही विषाणूंमुळे वाढतो, आणि नुसत्या वयानेही वाढतो.

दुसऱ्याची कथा मोठी गमतीची आहे. १९६४ मध्ये दोन डच डॉक्टरांनी गालाच्या आतून खरवडून काढलेल्या पेशींवर रुग्णांचं रक्तद्रव टाकून पाहिलं. आमवाताच्या रुग्णांतले प्रतिपिंड त्या पेशींत केंद्रकाभोवतीच्या ठिपक्यांना जाऊन चिकटत. चाचणी नेमकी होती पण भलतीच त्रासाची, कारण प्रत्येकाच्या गालातल्या पेशी कामाला येत नसत. ठरावीक चारदोन माणसांचे गाल खरवडत बसावं लागे. हे प्रतिपिंड नेमकं कशाला चिकटतात, हे कळायला चौतीस वर्षं गेली. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथे वॉल्टर फॅन व्हेनरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये उत्तर दिलं: प्रथिनात जिथे सिट्रुलिन आहे तिथेच ते चिकटतात. सिट्रुलिन काढलं की प्रतिपिंड त्या प्रथिनाकडे ढुंकूनही पाहत नाही. आज रिपोर्टवर ‘अँटी-सीसीपी’ लिहिलेलं असतं ते याच शोधाचं फळ.

आता खरा चक्रावून टाकणारा भाग. आपली सगळी प्रथिनं जनुकांत लिहिलेल्या सांकेतिक लिपीवरून तयार होतात. त्या लिपीत आर्जिनिन या अमिनो आम्लासाठी संकेत आहे, ग्लायसिनसाठी आहे, पण सिट्रुलिनसाठी संकेतच नाही. कुठलंही जनुक ‘इथे सिट्रुलिन बसव’ असं लिहू शकत नाही. ते मागाहून येतं. प्रथिन पूर्ण बांधून झाल्यावर पीएडी नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम, त्यातल्या एखाद्या आर्जिनिनला गाठतात, त्याच्या टोकाचा नायट्रोजनचा एक गट काढतात आणि तिथे ऑक्सिजन बसवतात. वजनात फरक पडतो तो जवळजवळ एका हायड्रोजन अणूएवढा. पण आर्जिनिनवर असलेला धन विद्युतभार नाहीसा होतो. प्रथिनाची घडी त्या जागी सैल पडते.

हे काही वाईट काम नव्हे. कातडी पक्की होताना, केस तयार होताना, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढताना ही अदलाबदल रोजच चालते. तुमच्या-माझ्या शरीरात हे वाचतानाही चालू आहे. मग काही जणांनाच त्यातून आजार का व्हावा? ज्या बदलाला जनुकात अक्षरच नाही, त्या बदलावर शरीर किती संतापेल हे मात्र जनुकं बऱ्याच अंशी ठरवतात, आणि ती कशी ठरवतात हे गेल्या पन्नास वर्षांत तुकड्या-तुकड्याने उलगडत गेलं.

सहाव्या गुणसूत्रावर एचएलए नावाची जनुकांची वस्ती आहे. माणसामाणसांत सर्वांत जास्त वेगळेपणा कुठे असेल तर तो इथे. तिथल्या डीआरबी१ या एकाच जनुकाच्या ज्ञात आवृत्त्या हजारांच्या घरात आहेत. हे जनुक जे प्रथिन तयार करतं ते पेशीच्या बाहेरच्या बाजूला उभं असतं आणि त्याच्या माथ्यावर एक खाच असते. पेशी आत घेतलेल्या प्रथिनांचे तुकडे करते, त्यातले काही या खाचेत बसवते आणि टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींपुढे धरते. आंब्याचा व्यापारी पेटी उघडून वरच्या थरातले चार हापूस गिऱ्हाइकाला दाखवतो, तसा हा प्रकार. टी-पेशीला अख्खी पेटी कधीच दिसत नाही. वर जे मांडलं तेवढ्यावरच तिचा सौदा ठरतो.

पीटर स्टास्टनी यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत दाखवलं की आमवाताच्या रुग्णांत एचएलएचा एक विशिष्ट प्रकार इतरांपेक्षा फार जास्त आढळतो. पण इतर देशांत, इतर समाजांत वेगवेगळेच प्रकार पुढे येऊ लागले, आणि गोंधळ झाला. १९८७ मध्ये ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी सगळ्या प्रकारांची अक्षरं एकाखाली एक मांडली. नावं वेगळी असली तरी ७० ते ७४ या पाच जागांवरची अमिनो आम्लं जवळजवळ सारखीच होती. ‘शेअर्ड एपिटोप’ हे त्याचं नाव, आपण त्याला सामाईक पंचक म्हणू. युरोपात ते ०४:०१ या आवृत्तीत सापडतं, जपानात ०४:०५ मध्ये, आणि भारतीय रुग्णांच्या अभ्यासांत १०:०१ ही आवृत्ती ठळकपणे पुढे येते. एकच पंचक, पण प्रत्येक मुलखात निराळ्या घराण्यातून आलेलं.

हे पंचक खाचेच्या अगदी काठाशी बसतं, आणि तिथला एक खळगा त्यामुळे धनभारित होतो. आर्जिनिनही धनभारित, त्यामुळे दोन्ही एकमेकांना दूर ढकलतात आणि तुकडा नीट बसत नाही. पण त्याच आर्जिनिनचं सिट्रुलिन झालं की धनभार गेला, ढकलणं संपलं, आणि तुकडा खळग्यात ऐटीत बसतो. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या जोडीचे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी हे प्रत्यक्ष पाहिलं. कलिंगडाच्या रसातलं ते जुनं संयुग, एका अणूएवढा फरक, आणि सहाव्या गुणसूत्रावरची पाच अक्षरं! मला तरी वैद्यकातलं याहून नेटकं कुलूप-किल्लीचं उदाहरण आठवत नाही.

मग पुढचा प्रश्न येतो प्रतिपिंडांच्या पातळीचा. आमवाताच्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांत अँटी-सीसीपी सापडतो, पण कुणाचा आकडा पंचवीस तर कुणाचा पाचशेच्या पुढे. याचाही धागादोरा जनुकात आहे. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की सामाईक पंचक असलेल्यांत हा आकडा चढा असतो, आणि एचएलए-डीआर३ असलेल्यांत तो खाली राहतो. जपानात ०९:०१ या आवृत्तीमुळे पातळी उतरलेली आढळली, आणि गंमत म्हणजे हीच आवृत्ती तिथे आजाराचा धोका मात्र वाढवते. म्हणजे ‘आजार होईल का’ आणि ‘प्रतिपिंड किती बनतील’ हे दोन हिशेब एकच नव्हेत. एचएलएच्या बाहेरचीही जनुकं यात आहेत. ज्या विकरांमुळे सिट्रुलिन होतं त्यांतल्याच एकाचं जनुक, पीएडीआय४, जपानी संशोधकांना २००३ मध्ये आमवाताशी जोडलेलं सापडलं. युरोपीय लोकांत २००४ मध्ये पीटीपीएन२२ या जनुकातला एक फेरबदल फार गाजला. तो आपल्याकडे जवळपास सापडतच नाही. दिल्ली विद्यापीठातल्या बी. के. थेल्मा यांच्या गटाने २०१३ मध्ये उत्तर भारतीय रुग्णांचा अख्खा जनुकसंच चाळला तेव्हा त्यांना एआरएल१५ हे वेगळंच जनुक हाती लागलं. परदेशातली ‘जेनेटिक रिस्क’ची तयार किट मागवून आपलं भविष्य पाहणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: ती यादी बहुतेक दुसऱ्यांच्या रक्तावर तयार झालेली असते.

जनुक एवढं सगळं ठरवत असेल तर एकसारख्या जुळ्यांचं काय? दोघांची जनुकं सारखी, तर एकाला झाला की दुसऱ्यालाही व्हायला हवा. ब्रिटनमध्ये १९९३ साली असे जुळे मोजले गेले. एकाला आमवात असताना दुसऱ्यालाही असल्याचं प्रमाण शंभरात सुमारे पंधरा निघालं. साध्या भावंडांपेक्षा बरंच जास्त, पण पंच्याऐंशी जण सुटले!

याच्या उलट एक उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या रक्तगटाची पहिल्यांदा नोंद केली तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. या माणसांच्या तांबड्या पेशींवर एच नावाचा पदार्थच नसतो, कारण तो घडवणाऱ्या जनुकाच्या आई-बापांकडून आलेल्या दोन्ही प्रती निकामी असतात. त्यामुळे त्यांच्या रक्तात एचविरुद्धचे प्रतिपिंड हमखास तयार होतात, आणि साधं ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नाही. तिथे जनुक हुकूम देतं. आमवातात जनुक फक्त पारडं एका बाजूला झुकवतं, बाकीचं वजन बाहेरून पडतं.

बाहेरचं सर्वांत मोठं वजन धुराचं. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतले लार्स क्लारेस्कोग आणि सहकारी यांनी २००६ मध्ये धूम्रपान करणाऱ्यांच्या फुफ्फुसातून धुऊन काढलेल्या पेशी तपासल्या. त्यांत सिट्रुलिन झालेली प्रथिनं होती. धूम्रपान न करणाऱ्यांत ती दिसली नाहीत. मग त्यांनी जनुकांचा हिशेब लावला. सामाईक पंचकाच्या दोन्ही प्रती असलेला आणि धूम्रपान करणारा माणूस, आणि दोन्हींपैकी काहीच नसलेला माणूस, यांची तुलना केली तर प्रतिपिंडवाल्या आमवाताचा धोका पहिल्यात एकवीस पट निघाला. प्रतिपिंड नसलेल्या आमवातात मात्र असा काही संबंध दिसला नाही. म्हणजे बोटांच्या सांध्यांची ही भानगड बहुधा छातीत सुरू होते.

मिश्री लावणाऱ्या आपल्या आज्या-काकवांचं काय, असं कोकणातला वाचक विचारणारच. स्वीडनमध्ये ओठाखाली धरायच्या तंबाखूचा वेगळा अभ्यास झाला, आणि तिचा आमवाताशी संबंध सापडला नाही. बोट पुन्हा धुराकडेच जातं. यावरून मिश्रीला अभय मिळालं असं कुणी समजू नये. तोंडाच्या कॅन्सरचा हिशेब ती स्वतंत्रपणे चुकता करते. हिरड्या सांभाळाव्यात त्या आणखी एका कारणाने. हिरड्यांच्या आजारात सापडणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जंतूजवळ सिट्रुलिन बनवणारं स्वतःचं विकर आहे, आणि संशोधकांची नजर कधीपासून त्याच्यावरही आहे.

सांधे दुखू लागण्याच्या आधी किती काळ हे शिजत असतं? नेदरलँड्सच्या संशोधकांनी आमवात झालेल्या ७९ जणांनी पूर्वी केलेल्या रक्तदानाचे साठवलेले नमुने २००४ मध्ये बाहेर काढले. जवळपास निम्म्यांच्या रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोहोंपैकी एक तरी प्रतिपिंड आजाराच्या आधीच होता, आणि मध्यक काढला तर साडेचार वर्षं आधी. काहींच्या बाबतीत तो तेरा वर्षांहून आधीचा होता. त्या वेळी ती माणसं ठणठणीत होती, रक्तदान करत होती!

२००५-०६ पर्यंत चित्र सोपं वाटत होतं: जनुकामुळे प्रतिपिंड, प्रतिपिंडामुळे आजार. २०१५ मध्ये स्वीडनच्या साडेबारा हजारांवर जुळ्यांच्या रक्ताने त्यात गुंता घातला. त्यांच्यातल्या शंभरात तीनहूनही कमी जणांत सिट्रुलिनविरुद्धचे हे प्रतिपिंड सापडले, आणि त्यांतल्या बहुतेकांना आमवात झालेलाच नव्हता. प्रतिपिंड असणं-नसणं यात जनुकांचा वाटा जेमतेम पाव निघाला. सामाईक पंचकाचा जोर दिसला तो पुढच्या पायरीवर, म्हणजे प्रतिपिंड असलेल्या माणसाला आमवात होण्यात. माझ्या मते या सगळ्या संशोधनातला सर्वांत सुरस भाग हाच. पहिली ठिणगी बरीचशी योगायोगाने, धुराने, कुठल्या तरी जंतूने पडते, आणि ती कुणातही पडू शकते. ज्याच्या खाचेत सिट्रुलिनचा तुकडा घट्ट बसतो त्याच्यात मात्र टी-पेशी प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशींना पुन्हा पुन्हा चिथावतात. मग आकडा चढतो, एका प्रथिनावरचा राग दुसऱ्या-तिसऱ्या प्रथिनावर जातो, आणि प्रतिपिंडांच्या टोकांवर शर्करेच्या साखळ्या चढतात. निरोगी माणसाच्या इतर प्रतिपिंडांत या साखळ्या थोड्यांवरच असतात, या प्रतिपिंडांत दहापैकी नऊंवर. हे सगळं घडून गेल्यावर एके सकाळी मूठ वळत नाही.

म्हणून पातळीला महत्त्व आहे. २०१० साली अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांनी मिळून जे निकष ठरवले, त्यांत प्रतिपिंड थोडे वाढलेले असतील तर दोन गुण आणि कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त असतील तर तीन गुण धरतात. दहापैकी सहा गुण झाले की आमवाताचं निदान पक्कं मानतात. पण उरलेले गुण सुजलेल्या सांध्यांचे, आजार किती दिवसांचा आहे त्याचे आणि ईएसआर-सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांचे असतात. नुसत्या प्रतिपिंडांवर सहा होत नाहीत. हे लक्षात न घेता गुडघा दुखला की ‘आरए फॅक्टर करून टाका’ म्हणण्याची आपल्याकडे मोठी फॅशन आहे. नमुना अनेकदा मुंबईच्या लॅबला जातो, रिपोर्ट मोबाइलवर येतो, आणि आकड्याखाली लाल रेघ दिसली की घरात सुतक पडल्यासारखं होतं. सांधे सुजलेले नसताना केलेली ही चाचणी पैशांचा चुराडा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजार होण्याआधीच तो अडवता येईल का, हेही आता तपासलं जात आहे. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २१३ जणांच्या चाचणीचा निष्कर्ष २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. या सगळ्यांच्या रक्तात प्रतिपिंड होते, सांधे दुखत होते, पण सूज आलेली नव्हती. टी-पेशींची चिथावणी थोपवणारं अबाटासेप्ट हे इंजेक्शन त्यांतल्या निम्म्यांना वर्षभर दिलं. वर्षअखेर आमवात झाला तो औषध घेणाऱ्यांत शंभरात सहांना आणि न घेणाऱ्यांत एकोणतिसांना. औषध थांबल्यावर पुढच्या वर्षी हा फरक बराच कमी झाला. सर्वांत जास्त गुण आला तो ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडांची गर्दी सर्वांत दाट होती त्यांना. औषध महाग आहे आणि कोकणातल्या सामान्य घराच्या आवाक्यातलं नाही. पण आजार झाल्यावर मेथोट्रेक्सेटसारखं स्वस्त औषध आजही उत्तम काम करतं, वेळेवर सुरू केलं तर. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं.

तेव्हा दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेत, सकाळची आखड अर्ध्या तासाहून जास्त टिकते आणि असं दीड महिना चाललंय, तर तेल चोळत बसू नका, संधिवाततज्ज्ञ गाठा. आणि आई, मावशी, बहीण यांपैकी कुणाला हा आजार असेल, तर तुमच्या खाचेत काय आहे हे शोधायला रक्त तपासायची गरज नाही. विडी-सिगारेट ओढत असाल तर आजच बंद करा, आणि घरात दुसरं कुणी ओढत असेल तर त्यालाही बंद करायला लावा.